गुडघ्याच्या पुड्या

३ सप्टेंबर १९३५

आई आज जिना उतरली. कठडा न धरता!

रेशमाचं गाठोडं घेऊन दारोदार हिंडणारा एक चिनी माणूस सुया टोचून दुखणी घालवतो, हे मी शिकवते त्या शाळेतल्या बायांकडून कळल्यापासून गुडघे दाखव म्हणून मी आईच्या मागे लागले होते. नाव लिऊ. हिंदुस्थानी बोलतो, मोडकं. केसासारख्या बारीक सुया. "मी काय गोधडी हाय व्हय टाके घालाय?" म्हणणारी आई नंतर डोळे मिटून गप्प पडली.

काढ्यासाठी झाडपाल्याच्या पुड्याही दिल्या. आईने हुंगल्या. "ह्यात तर सुंट हाय. त्येच्यासाठी चीनला कशाला जायाचं?" लिऊ हसला. मग मला नीट समजावून म्हणाला, "बाई, पेटवाली को नहीं देना. बच्चा जाता." आत वहिनी भाकरी थापत होत्या.

एवढ्या लांबची विद्या आमच्या ओसरीवर येऊन बसली. घरातली पहिली बी. ए. मी, माझा उपयोग घराला व्हायला लागला.

९ सप्टेंबर

वहिनींनी आपणहून मागितलं. "वन्सं, माजं डोकं लई दुखतंय. मलाबी सुया टोचाय सांगा की." लग्न होऊन आल्यापासून स्वतःसाठी त्यांनी काही मागितलेलं मला आठवत नाही.

तिसऱ्या मुलीच्या वेळी डॉक्टरीणबाई दादाला स्पष्ट म्हणाल्या होत्या — आणखी एक बाळंतपण हिला झेपायचं नाही. दादा गिरणीत जॉबर, कामगारांवरचा मुकादम. ऐकून घ्यायची सवय नाही. "पोरगा झाल्याबिगर मी थांबत नसतोय." त्यांच्या तोंडावर.

निदान डोकेदुखी तरी जाईल. वहिनी सध्या बाजूला बसल्या आहेत. शिवाशीव संपली की लिऊला बोलावते.

१४ सप्टेंबर

वहिनी परपुरुषापुढे येत नाहीत. दाराला लुगडं बांधलं, त्या पलीकडे बसल्या. एक हात आणि एक पाऊल तेवढं बाहेर.

लिऊने विचारलं, "पेट से है क्या?"

सुनेच्या वतीने आईच बोलते. "न्हाय रं बाबा. कालच न्हाली की."

त्याने पुन्हा विचारलं. आई तडकली. "घरातलं मला ठावं का तुला?"

मग त्याने सुया टोचल्या. पाऊल जरासुद्धा हललं नाही. मला कौतुक वाटलं.

आईची कुरकुर चालू — पुड्या इतक्यात संपल्या कशा? चिन्याने फसवलं म्हणते.

१५ सप्टेंबर

वहिनी. रक्त थांबत नाही.

१६ सप्टेंबर

वाचल्या.

सुईण केराबाई म्हणाली, तिसरा महिना होता. आई एकच धरून बसली, "बाजूला बसली हुती की! बसली हुती की!" केराबाई म्हणाली, पोटुशीलाही कधीकधी तसं दिसतं. पायात चपला सरकवता सरकवता म्हणाली, "पोरगा हुता."

मी म्हटलं, इतक्यात कसं कळतं? ती पायऱ्या उतरून गेली. दादा उठून बाहेर गेला होता.

१७ सप्टेंबर

दादाने लिऊला स्टेशनजवळच्या धर्मशाळेत गाठलं. उजव्या हाताची बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार ओढलं. उघडलं, पुन्हा ओढलं. माणसं उभी राहून बघत होती.

आमच्या गल्लीतला येडू टांगेवाला दारात रंगवून सांगत होता, "आता टोच म्हनावं सुया! बोटांची चटणी केली तुमच्या मानसिंगरावांनी."

जेवताना मी म्हटलं, त्याने दोनदा विचारलं होतं, दादा.

"आनलं कुणी त्येला?" दादा शांतपणे जेवत होता. "आई, ह्या बी. ए.ला इचार, आनलं कुणी."

आईने मला भाकरी वाढली नाही. मीही मागितली नाही.

२० सप्टेंबर

डॉक्टरीणबाई वहिनींना तपासून गेल्या. हातापायाला टोचलेल्या सुईने असं होत नाही, म्हणाल्या. ठामपणे.

म्हणजे लिऊ निर्दोष! त्याची बोटं काही जागेवर येणार नाहीत, पण दादाला हे कळलंच पाहिजे. उद्या सांगणार. आधी वहिनींना सांगितलं, त्यांच्या मनाला बरं वाटेल म्हणून. त्या भिंतीकडे वळून निजल्या.

२१ सप्टेंबर

दादा रात्रपाळीला. सांगायचं राहिलं.

लिऊ मद्रासच्या गाडीने गेला. येडूने पाहिलं. गाठोड्याची गाठ त्याला मारता येईना. हमालाने मारून दिली आणि वरचं रेशीम काढून घेतलं. येडू हे सांगतानाही हसत होता.

२२ सप्टेंबर

संध्याकाळी वहिनी उठून बसल्या.

"तुमच्या दादांना कायबी सांगू नगा, वन्सं. सुयांनी न्हाईच झालं. आत्याबाईंच्या गुडघ्याच्या पुड्या. समद्या येकदम उकळून प्याले."

आणि बाजूला बसलात ते?

"तेबी उगंच."

मग सुया कशाला टोचून घेतल्या?

"कुणावर तरी आळ जायाला पायजे की."

त्यांनी फणी घेतली. "पाठ करा हिकडं. पार गुंता झालाय केसांचा." आणि माझी वेणी घालायला बसल्या.