बापाच्या वळणावर

९ जुलै
शाळेत तपासणी. नर्सबाईंनी माझं वजन मोठ्यानं सांगितलं. लिहिणाऱ्या पोरीला ऐकू गेलं नाही, म्हणून परत मोठ्यानं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. दहावी ब मध्ये उद्या कसं जायचं...

१० जुलै
डबा तसाच परत आणला. आईनं उघडून बघितला, परत झाकण लावलं. दादा माझ्यापेक्षा जास्त खातो, तरी त्याच्या बरगड्या दिसतात.
पप्पा कंपनीतून येताना रोजच्यासारखी भजी घेऊन आले. "खा गं, दमली असशील." खाल्ली. मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१६ जुलै
शाळेनं सांगितलं म्हणून पप्पांबरोबर शिरूरला दवाखान्यात. पप्पांच्या शर्टाची बटणं ताणलेली. सगळे आम्हा दोघांकडंच बघतायत असं वाटलं. मी लांबच्या खुर्चीवर बसले.
डॉ. मॅडमनी विचारलं, घरात अजून कोण असं आहे? पप्पा म्हणाले, "माझी आई व्हती. कासुर्डीची बहीन बी हाय. आमचं हाडच तसलं."
मॅडम म्हणाल्या, शरीराची ठेवण रक्तातून येते, पण पुढचं सगळं ठरलेलं नसतं. अशा शरीराला रोज तळलेलं, गोड मिळालं की वजन लवकर चढतं. भावाला तेच खाऊन चढणार नाही. हिला उपाशी ठेवू नका, सगळ्या घराचं खाणं बदला.
"म्हंजी माझ्याकडनंच आलं की."
"दोष कुणाचाच नाही हो."
बाहेर स्टँडवर मी बोलले. बोलायला नको होतं. "तुमच्यामुळंच मी अशी. शाळेत कधी येऊ नका."
पप्पांनी एसटीत मला खिडकी दिली, शेजारी जागा असून आमच्या कारेगावपर्यंत उभे राहिले.

१८ जुलै
भजी बंद. भाकरी, पालेभाजी, काकडी. दादा कुरकुरला, "हिच्यापायी मी का खाऊ?" पप्पा ओरडले, "घरात एकच सैपाक व्हनार!"
माझ्याशी नेहमीसारखंच बोलतात. त्याचंच जास्त लागतं.

२६ जुलै
पालकसभा. आई एकटीच आली. बाईंनी विचारलं, वडील? आई म्हणाली, "ड्युटी हाय." पप्पांना सुट्टी होती. घरी टीव्हीपुढं बसले होते. टीव्ही बंद होता.

२ ऑगस्ट
पप्पा सकाळी एकटेच चालायला जातात. आज मी न सांगता मागं गेले. एमआयडीसीच्या रस्त्याला पप्पा भिंतीला हात टेकून धापा टाकत थांबले. शिफ्टला निघालेली दोन पोरं हिंदीत काहीतरी बोलून हसली. पळत जाऊन पप्पांचा हात धरायचा होता. पण पोरांनी मलाही बघितलं असतं. टेम्पोमागं उभी राहिले. पोरं जाईपर्यंत.
पप्पांनी वळून बघितलं. मी दिसले का, माहीत नाही.
घरी चहा पिताना म्हणाले, "उद्या येतीस का संगं?"
"बघू," म्हटलं.