नसलेल्या गादीचा हक्क

नागपूर,
१९ जानेवारी

चि. रितिका हिला आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण वाचनालयाचा जिना अजून चढते. हे पत्र तिथंच बसून लिहिते आहे. घरी फोन हातात घेतला की तुझी काकू शेजारी येऊन मटार सोलत बसते.

परवा बर्डीवर तुझ्या सासूबाई भेटल्या. भर बाजारात म्हणाल्या, "विहीनबाई, पाचवा लागला आपल्या पोरीले! लग्नाले नाही आल्या, आता तरी येता का नाही वं?" मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सध्या ब्राझीलच्या राजघराण्याबद्दल वाचते आहे. हसशील तू. तिथल्या सम्राटाच्या मुलीचं, इझाबेलचं, लग्न एका फ्रेंच राजपुत्राशी झालं. दोन्ही घराण्यांची नावं जोडून नवं घराणं झालं, पण ती गादीवर बसण्याआधीच राज्य गेलं. सगळे परदेशात. पुढे थोरल्या मुलाला आवडलेली मुलगी राजघराण्यातली नव्हती. आईनं अट घातली, आधी हक्क सोड, मग लग्न कर. त्यानं सही केली. स्वतःचा हक्क सोडला आणि पुढच्या पिढ्यांचाही. गादी जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती! नसलेल्या गादीसाठी आईनं मुलाची सही घेतली. तिथंच मी पुस्तक मिटलं.

कारण मलाही तुझी सही मागायला सांगितलं आहे.

काटोलच्या संत्र्याच्या बागेत तुझ्या बाबांचा जो वाटा होता, त्यावर ते गेल्यावर तुझं नि माझं नाव चढलं होतं. मागच्या आठवड्यात गिरिधर काकांनी तुझ्या नावाचं हक्कसोडपत्र आणून दिलं. "वहिनी, तुमी लिवलं तं पोरगी ऐकन. सही झाली का तिले घराचा दरवाजा खुला. काहून एवढा विचार करून राहिल्या?"

चढलं होतं असं लिहिलं, कारण माझं नाव आता तिथं नाही. तुझ्या लग्नाच्या चार दिवस आधी मी सही केली. प्रीतमच्या जातीवरून घरात रोज भांडण होतं. काका म्हणाले, तुम्ही तुमचा हक्क सोडा आणि खुशाल लग्नाला जा. मला ते खरं वाटलं. लग्नाच्या सकाळी मी डाळिंबी साडी नेसून खाली आले, तर म्हणाले, "जा न. पण मंग तिकडंच राहा."

बाग हातची गेलेली. तुझे बाबा नाहीत, माहेरी कुणी उरलं नाही. पोरीच्या सासरी पहिल्याच दिवशी बिऱ्हाड घेऊन कशी जाणार? मी वर गेले आणि साडी बदलली.

मला ताप आल्याचं तुला कळवलं. ताप नव्हता, रितिका.

कागद पाकिटात घातल्याचं मी काकांना सांगितलं आहे. तो घातलेला नाही. त्याऐवजी सातबाऱ्याची नक्कल पाठवते आहे. त्यावर तुझं नाव आहे, ते राहू दे. कुणी माझं नाव घेऊन सही मागायला आलं, तरी देऊ नकोस. काकांना आज ना उद्या कळेलच. मग मला काय ऐकावं लागेल ते ठाऊक आहे, आणि ऐकून पुन्हा त्याच घरात झोपायचं आहे, हेही.

तुझ्याकडून काही न मागणारी,
आई