अप्पांची कॉट आणि हमालांची खुशी

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलेलो नाही. सामान हलवल्यापासून कंबर कोणाही थोरामोठ्यांपुढे वाकायला तयार नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच केला आहे; तो साष्टांग धरून चाल.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचं बीपी आणि त्यांचा बुद्धिबळातला तो भांडखोर जोडीदार, दोघंही आटोक्यात असावेत. मांजर व्याली असेल तर जरूर कळव, पिल्लू मात्र पाठवू नकोस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. फक्त सगळे एका पत्त्यावर नाही आहोत, आणि ते कसं झालं हे सांगायलाच हे पत्र.

चौथ्या मजल्यावरचं भाड्याचं घर सोडून आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो हे तुला ठाऊक आहे. घर घेणं सोपं असतं, ते बँक करते. खरा अवघड प्रश्न पुढे येतो आणि तो कोणी विचारत नाही: सामान उचलणाऱ्या माणसांना ठरलेल्या पैशांच्या वर काही खुशी द्यायची का, आणि द्यायची तर किती? या प्रश्नाने माझी झोप उडाली होती. ऑफिसातल्या कॅशियरला विचारलं तर तो म्हणाला, एक छदामही देऊ नका, सवय लागते. (कोणाला लागते ते सांगितलं नाही. हा गृहस्थ जन्मला त्याच घरात राहतो.) शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांचं मत पडलं की सुरुवातीलाच द्यावी, म्हणजे काचा फुटत नाहीत. माझी दाढी करणारा न्हावी म्हणाला, खुशी शेवटी द्यावी आणि माणसाच्या डोळ्यांत बघून द्यावी. हे सांगताना तो आरशातून माझ्या डोळ्यांत बघत होता, त्यामुळे त्या दिवशी मला त्यालाच नेहमीपेक्षा जास्त द्यावे लागले. हिला विचारलं तेव्हा ही भांडी कागदात गुंडाळत होती. ‘ठरलंय ते ठरलंय,’ ही म्हणाली. ‘कपाट हसत हसत उचलावं म्हणून काय वर द्यायचं?’ अप्पांना विचारलं नाही. अप्पांना या सगळ्यात आम्ही फारसं काही विचारलंच नव्हतं, ते पुढे येईल.

तरी मी गुपचूप एक पाकीट तयार केलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. आदल्या दिवशी हिने तो शर्ट धुवायच्या कपड्यांत टाकला, धुवायचे कपडे बादलीत गेले, बादली मोठ्या पातेल्यात आणि पातेलं गोणपाटात. हमाल दारात उभे होते आणि मी गोणपाट उसवत होतो. मुकादम शांतपणे म्हणाला, ‘साहेब, आम्ही बांधायला आलोय.’ पहिलीच ओळख अशी झाल्यावर माणसाच्या हातून पुढे काय रुबाब होणार?

हा मुकादम बारीक अंगाचा, मिशीवाला आणि अतिशय सावकाश बोलणारा. त्याच्याबरोबर तिघं. एक ताडमाड उंच, एक ठेंगणा, आणि एकाला सगळे ‘इंजिनियर’ म्हणत, कारण तो कुठलंही सामान उचलण्याआधी कमरेवर हात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारायचा. (फेरी मारून झाल्यावर तो ते दुसऱ्यांना उचलायला सांगायचा.) सोफा जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा हेडमास्तर घरातून धोतर सावरत बाहेर आले आणि त्यांनी सोफ्याला त्रिकोणाचे नियम समजावून सांगितले. सोफा हलला नाही. इंजिनियरला फेरी मारायला जागाच नव्हती, म्हणून तोही हतबल झाला. शेवटी ठेंगण्याने सोफ्याचे पाय पिळून काढले आणि हेडमास्तरांच्या हातात दिले. ते पाय घेऊन हेडमास्तर टेम्पोपर्यंत खाली आले आणि दिवसभर आपण घर हलवल्याचं लोकांना सांगत राहिले.

आता कॉटची गोष्ट. अप्पांची ती लोखंडी कॉट तुला आठवत असेल; बसलं की कुरकुरते आणि उठलं की जास्त कुरकुरते. नव्या घरात दोनच बेडरूम. एक आमची, एक मुलीची, कारण ती सुट्टीत येते तेव्हा तिला अभ्यासाला दार लावायला लागतं. अप्पांसाठी आम्ही हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेतला होता. दिवसा सोफा, रात्री पलंग, समोर टीव्ही, बाजूला बाल्कनी. मी तर म्हटलं, घरातली सगळ्यात मोठी खोली अप्पांना मिळाली. अप्पा काही बोलले नाहीत. आम्ही तो होकार धरला. (आपल्या घरात गप्प बसण्याचा अर्थ नेहमी विचारणाराच ठरवतो.) तर मुकादमाने हिला विचारलं, ‘वहिनी, ही कॉट तिकडे कुठे लावायची?’ ही घाईत होती. म्हणाली, ‘ती लावायची नाहीये, ती भंगारात द्यायची आहे.’ अप्पा तेव्हा दाराशीच उभे होते, हातात दाढीचं सामान घेऊन.

थोड्या वेळाने मी खाली गेलो तर टेम्पोच्या मागे अप्पा आणि मुकादम उभे. अप्पांनी त्याच्या मुठीत काहीतरी सरकवलं, त्याने ते कपाळाला लावलं. ताई, खोटं कशाला सांगू, मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी इतके दिवस ज्या प्रश्नावर झिजलो तो अप्पांनी उभ्या उभ्या सोडवून टाकला होता, आणि आता माझी पंचाईत दुप्पट झाली होती: त्यांच्यापेक्षा कमी दिली तर मी चिक्कू, जास्त दिली तर बापाला खाली दाखवणारा मुलगा. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, ‘किती दिलेत?’ अप्पा म्हणाले, ‘माझं माझं आहे ते,’ आणि टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसले. त्यांना पुढे बसून जायची हौस आली असेल असं समजून मी दार लावून दिलं.

आम्ही दोघं टॅक्सीने नव्या घरी पोचलो. टेम्पो येईना. ही गॅलरीत, मी फाटकाशी. किती वेळ गेला ते विचारू नकोस. हिने तेवढ्यात तीन वेळा टेम्पो उलटवला, दोन वेळा हमालांना सामानासकट पळवलं आणि एकदा अप्पांना दवाखान्यात दाखल केलं. मग टेम्पो आला. सोफा उतरला, कपाट उतरलं, फ्रीज उतरला, गोणपाट उतरलं. सगळं उतरल्यावर ही म्हणाली, ‘अप्पा कुठेत?’

मुकादमाने खांद्यावरचा फडका काढून तोंड पुसलं. ‘आजोबांना आधी सोडलं. कॉट, टेबल, ती खुर्ची आणि दोन ट्रंका.’

‘सोडलं म्हणजे? कुठे?’

‘त्यांच्या घरी.’

हे तो इतक्या सहज म्हणाला की क्षणभर मला वाटलं, आपणच काहीतरी विसरतोय.

रिकाम्या टेम्पोत बसून आम्ही निघालो. ही केबिनमध्ये, मी मागे हमालांबरोबर दोर धरून. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बेकरी आहे, तिच्यावर एका निवृत्त नर्सबाईंचं घर, आणि त्या घराची रस्त्याकडची खोली अप्पांनी भाड्याने घेतलेली. आम्ही वर गेलो तेव्हा खोलीभर ताज्या पावाचा वास होता, कॉट भिंतीला लागलेली होती आणि अप्पा तिच्यावर आडवे होऊन छताकडे बघत होते. भर दिवसा. चेहऱ्यावर इतकं समाधान की मला पाहुण्यासारखं दारातच थबकावं लागलं.

हिने मात्र थबकायचं नाव काढलं नाही. मुकादमाकडे वळून म्हणाली, ‘उचला सगळं, परत टेम्पोत घाला.’

अप्पा उठून बसले (कॉट कुरकुरली). ‘काही उचलायचं नाही.’

‘वर जे काय होईल ते मी देते,’ ही म्हणाली. ताई, ही म्हणाली! भांडी गुंडाळताना मला अक्कल शिकवणारी ही!

‘तिच्यापेक्षा जास्त मी देतो,’ अप्पा म्हणाले.

पुढचा काही वेळ त्या खोलीत लिलाव चालला होता. उंच हमालाने कॉटचा एक पाय उचलला, मग ठेवला, मग पुन्हा उचलला. इंजिनियरने सवयीने एक फेरी मारली. शेवटी मुकादम वैतागला. ‘वहिनी, उचलायचे पैसे घेतो मी. न उचलायचे कसे घेऊ? आधी तुमचं घरातलं ठरवा.’ आणि तो आपली माणसं घेऊन जिन्यावर जाऊन बसला. नर्सबाईंनी त्यांना चहा दिला. आम्हाला नाही.

मग आत आम्ही तिघंच. अप्पांनी आवाज चढवला नाही, तो त्यांनी कधी चढवला आहे? म्हणाले, ‘सूनबाई, तुझ्यावर राग नाही माझा. मला रात्री चारदा उठावं लागतं आणि दिवसा पडावंसं वाटतं. सोफ्यावर पडलो तर तुमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर पडणार. तुम्ही काही म्हणणार नाही, पण दर वेळी बेल वाजली की मी उठून चादरीची घडी करणार. तुमची आई गेल्यापासून तुमच्याकडे राहिलो, कधी पाहुणा वाटलो नाही. आता वाटलो असतो.’

मी म्हणालो, ‘आधी बोलला असतात तर आम्ही मुलीच्या खोलीत सोय केली असती.’

‘केली असती,’ अप्पा म्हणाले. ‘म्हणूनच नाही बोललो.’

मी बेकरीच्या धुराड्याकडे बघत राहिलो. हिने खिडकीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग नाक ओढून म्हणाली, ‘इथे पडदा नाहीये. आणि कॉट वाऱ्यात लावलीये, मान धरेल.’ बाहेर जाऊन तिने मुकादमाला हाक मारली. कॉट या भिंतीची त्या भिंतीला गेली, टेबल खिडकीशी आलं, ट्रंका कॉटखाली सरकल्या. नव्या घरात अजून कपाटाचं तोंड भिंतीकडे आहे, पण अप्पांची खोली त्या दिवशी संध्याकाळच्या आत लागली. निघताना ही अप्पांच्या पाया पडली नाही की रडली नाही. फक्त म्हणाली, ‘रविवारी जेवायला यायचं. गप्प बसलात तर मी तो होकार नाही धरणार.’ अप्पा म्हणाले, ‘येईन,’ आणि आम्ही जिना उतरायच्या आत पुन्हा आडवे झाले असावेत, कारण कुरकुर ऐकू आली.

खाली टेम्पोपाशी मी अखेर पाकीट काढलं. न्हाव्याने सांगितल्याप्रमाणे मुकादमाच्या डोळ्यांत बघून दिलं. तो म्हणाला, ‘आजोबांनी दिलंय आमचं.’ मी म्हटलं, ‘असू दे, हे माझ्याकडून.’ त्याने पाकीट घेतलं, न उघडता ठेंगण्याकडे दिलं आणि विचारलं, ‘पण साहेब, हे कशाबद्दल? सामान नीट पोचवल्याबद्दल?’ उत्तरासाठी तो काही थांबला नाही. टेम्पो निघून गेला आणि आम्ही दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेलो.

आता अप्पा मजेत आहेत. सकाळी बेकरीवाल्याशी राजकारण, दुपारी झोप, संध्याकाळी नर्सबाईंच्या रेडिओची दुरुस्ती (रेडिओ आधी चालू होता). रविवारी येतात, जेवतात, सोफ्यावर अगदी कडेला बसतात आणि टीव्हीची स्तुती करून जातात. काळजीचं कारण नाही. भावोजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा उभ्याने.

तुझा धाकटा

ता. क. हे सगळं लिहून झाल्यावर अप्पांकडून कळलं की खोलीचं डिपॉझिट तूच पाठवलं होतंस आणि अप्पांनी मला ज्याचा पत्ता दिला तो हा मुकादमही तूच त्यांना सुचवलेला. म्हणजे वरचं सगळं पत्र तुला आधीच माहीत होतं. तरी पाठवतो आहे. इतकं लिहिल्यावर फाडायचा जीव होत नाही.

ता. क. २ वन्सं, हे पत्र ह्यांनी मला तपासायला दिलं म्हणून चार ओळी. पाकीट ह्यांनी डोळ्यांत बघून वगैरे दिलं नाही, पायरीवर ठेवलं आणि बोट दाखवलं. मी रडले, टेम्पोच्या केबिनमध्ये आणि नंतर बसमध्येही. आणि तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. यावर मी रागावलेली आहे, पण पडद्याचं कापड तुमच्याकडे चांगलं मिळतं तर निळ्यातलं पाठवा, अप्पांच्या खिडकीला.

ता. क. ३ ताई, ही तिकीट शोधायला आत गेली आहे तोवर लिहितो. ऑफिसातून येताना मी हल्ली बेकरीच्या गल्लीतून येतो. वर जातो. अप्पांच्या खोलीत खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर ते बसलेले असतात. कॉटवर बसावं तर ती सगळ्या गल्लीला ऐकू जाते. मी उभा राहतो, थोडं बोलतो, निघतो. तेव्हा तू तुझ्या पत्रात, तुझ्याच मनाने सुचल्यासारखं, त्यांना एवढं लिहिशील का, की खोलीत दुसरी एक खुर्ची ठेवा म्हणून? माझं नाव घेऊ नकोस. त्यांनी आणायला सांगितली की लगेच नेईन, मी स्वतःच उचलून.