मशीनवरचं फडकं

४ डिसेंबर २००६, सोमवार
आली बापा एकदाची! दिग्रसच्या या जिनिंगच्या आवारातल्या दवाखान्यात मी नवी सिस्टर. एकोणपन्नासाव्या वर्षी नवी म्हणवून घ्यायचं, हसूच येते. खोली मोठी, नळाले पाणी, खिडकीतून कापसाचे पांढरे ढीग. दीपाले फोन करून सांगितलं की तुझी माय इथं राणीवानी राह्यते. झाडूवाली इंदूबाई भाकर अन् ठेचा घेऊन आली. पहिल्याच दिवशी गट्टी जमली.

कंपाउंडर सदाशिवराव मात्र मले पटला नाही. साठीचा माणूस, पण वर पाहून बोलत नाही. आल्या आल्या म्हणे, आतल्या खोलीत चला, हृदयाची पट्टी, ईसीजी काढायचं मशीन शिकवतो, दार लावून घ्यावं लागते. नवी बाई, आतली खोली अन् लावलेलं दार! वा रे वा! मी म्हटलं, पाहू सवडीनं.

७ डिसेंबर, गुरुवार
आज जिनचा फिटर हिरासिंग छाती दाबत, बोंबलत आला. सदाशिवरावनं मशीनवरचं फडकं ओढलं, बनियन वर केली, तारा लावल्या, पाच मिनिटांत पट्टी डॉक्टरच्या हातात. मालकाच्या जीपनं यवतमाळले नेला अन् वाचला.

मग पट्ट्यांची फाइल चाळली. सत्तावीस पट्ट्या, साऱ्या माणसांच्या. बायकाइले या गावात हृदय देतच नाहीत काय, असं इंदूबाईले म्हटलं तर ती पदर तोंडाशी धरून हसली.

९ डिसेंबर, शनिवार
सकाळी मानीबाई आली, कापसाच्या टोपल्या उचलणारी. पाठीत दुखते म्हणे. घामानं ओलीचिंब, दोनदा ओकली. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, घरी जाऊन पडा. सदाशिवरावनं आपल्या हातानं गुलाबी औषध बाटलीत ओतून दिलं. दुपारी मेली.

घाम अन् ओकारी म्हटलं की आमच्या यवतमाळात लहान लेकरूही सांगते, फवारणीचं औषध पोटात गेलं. मानीबाईचा नवरा रडत सांगत होता की घरातल्या डब्याचं सीलही फुटलं नाही. मग विष आलं कुठून?

१३ डिसेंबर, बुधवार
रजिस्टर काढलं. दसऱ्यापासून चार बाया. कोणाची पाठ, कोणाचा जबडा, कोणाले नुसता थकवा, पण घाम साऱ्याइले. चौघीइले गुलाबी औषध. इंदूबाईले नावं वाचून दाखवली. ती बोटांवर मोजत म्हणे, ही मेली, ही मेली, ही रामीबाई चुलीवर तवा ठेवताना मेली, अन् ही मानीबाई.

कोठीत डोकावली. गुलाबी औषधाची मोठी कॅन, अन् त्याच फळीवर मालकाच्या वावरातलं फवारणीचं औषध! किल्ली सदाशिवरावच्या कमरेले.

त्यानं आज पुन्हा मशीनचं काढलं. लवकर शिकून घ्या म्हणे. मी म्हटलं, मले येते सारं. येत नाही. पण त्याच्यासोबत त्या खोलीत? माझं मढं गेलं तरी नाही.

१६ डिसेंबर, शनिवार
डॉक्टरले सांगितलं. हसला मेला! चाळिशी उलटली की बाया अशाच कुरकुरतात म्हणे, तुम्हीही ताकदीच्या गोळ्या घ्या. यालेही सामील धरावं काय?

इंदूबाईले पोराची शपथ घातली, गुलाबी औषध ओठाले लावायचं नाही. तिनं मान हलवली. तीन दिवसांपासून तिचा जबडा ठणकते. दाढ असेल. मी लवंग दिली.

१९ डिसेंबर, मंगळवार
इंदूबाई गेली.

अकरा वाजता झाडू टाकून आली. घामाच्या धारा, ओकारी, रंग राखेवानी. मी ओळखलं, आज तिची पाळी. तिले आतल्या खोलीत ओढली, कडी लावली. मिठाचं पाणी पाजलं, नळी घातली, पोट धुतलं. ती हातानं नको नको म्हणत होती, जबडा दाखवत होती. मी म्हटलं, इंदे, विष निघू दे. नुसतं पाणी निघालं. पाणीच.

बाहेर सदाशिवराव दार ठोकत होता, पट्टी काढू द्या, पट्टी काढू द्या. मी उघडलं नाही.

मशीन दोन पावलांवर होतं. वर फडकं.

२२ डिसेंबर, शुक्रवार
यवतमाळहून चिरफाडीचा कागद आला. विष नाही. हृदयाची नस बंद.

सदाशिवराव पायरीवर बसून लेकरावानी रडला. म्हणे, बाया मले ब्लाऊजले हात लावू देत नव्हत्या, मीही डॉक्टरले जोर देऊन बोललो नाही. म्हणून मालकाच्या मागं लागून बाईमाणूस मागितली, छातीले तारा लावायले. दोन वर्षं मागितली. तेव्हा तुम्ही आल्या.

मले त्या तारा लावायलेच आणलं होतं. मी कडी लावून बसली. मी मारली तिले — माझ्या हातानं —

२३ डिसेंबर, शनिवार
जबडा दुखते. रात्रभर रडली म्हणून असेल.

दुपारी एक
पाठ. घाम. झोप नाही म्हणून — नाही. नाही, हे ते नाही.

डॉक्टरनं खिडकीतूनच पाह्यलं. इंदूबाईचं मनाले लावून घेतलं म्हणे. गुलाबी औषध दिलं अन् दारव्ह्याले लग्नाले गेला.

दीड
फडकं मी काढलं. दहा तारा. मले येत नाही. दार लावलं — नाही, अर्धं उघडं ठेवलं. सदाशिवरावले हाक मारली. तो उंबऱ्याशी आला, माझं उघडं अंग पाह्यलं अन् मागं सरला. या हो, म्हटलं, या. तोंड फिरवून उभा आहे. आत येत नाही. माझ्याच पहिल्या दिवशीच्या नजरेले भेते. पाठमोराच कोणती तार कुठं ते सांगून राह्यला.

लिहून ठेवते. पुढच्या सिस्टरसाठी. दीपा, हे पान तिले दे —

लाल उजव्या हाताले
पिवळी डाव्या
हिरवी डाव्या पायाले
काळी