टाईट चेन आणि साडूवरचा सूड

१ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून सूडाची तयारी. गेल्या वर्षी सासरी जेवताना साडू सगळ्यांदेखत म्हणाला, यांची मोटरसायकल ऐंशीला चालत नाही, नाचते. सासरे हसले. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस हसला, ते जिव्हारी लागलं. बायकोही हसली, तिचं नंतर बघू.
येत्या १५ला सासरे गॅरेज बंद करून हत्यारांची पेटी घरातल्या कुणाला तरी देणार आहेत. साडूला मिळाली तर मिशी उतरवीन. (मिशी नाही. तरीही.)

४ फेब्रुवारी
चेन धुणार होतो. पाठीत उसण. साडूचीच नजर.

८ फेब्रुवारी
चेन धुतली. रॉकेल आणि जुना टूथब्रश. बायको म्हणते जुना नव्हता.
मग चेन खेचून टाईट केली. टिचकी मारली की वाजते! बायको म्हणाली, अहो, लूज ठेवा, सामान चढलं की ती आणखी ताणली जाते, बाबा दोन बोटं हलेल एवढी ठेवायचे. मी म्हणालो, बाबांच्या वेळच्या चेनी वेगळ्या. ती आत निघून गेली. पटलं असणार.

१४ फेब्रुवारी
मागच्या कॅरिअरवर लोखंडी पेटारा. आत पाने, हातोडा, पंप, दोन लिटर ऑइल. साडू वाटेत बंद पडला तर सगळ्यांसमोर उपकार करायचे आहेत. पेटाऱ्यावर दोन बॅगा. पुढचं चाक हलकं लागतंय. चांगलंच, टायर कमी झिजेल. बायको म्हणाली, जड सामान खाली, सीटजवळ घ्या. बायकांना स्पीडमधलं काय कळतं.

१५ फेब्रुवारी, सकाळी ८
सासरी निघालो. साडू नाक्यावर भेटेल. आज त्याला धूळ चारतो.

१५ फेब्रुवारी, ११.१०, रस्त्याकडेला झाडाखाली
अक्षर वाईट आहे. वही गुडघ्यावर धरून लिहितोय.
ऐंशीला साडूला मागे टाकलं. आरशात त्याचं तोंड एवढंसं! नव्वदला हँडल डावी-उजवीकडे आपोआप. मागून बायको ओरडत होती, ब्रेक मारू नका, हळूच ॲक्सिलरेटर सोडा. सोडला. घाबरून नाही, तिचं मन राखायला.
बरं, घाबरलो होतो. तीही माझ्या मागे बसली होती.
वेग उतरला, गाडी सावरली आणि पुढच्याच गतिरोधकावर चेन तुटली. साडू थांबला. नाचण्याबद्दल अवाक्षर नाही, उलट पाण्याची बाटली पुढे केली. नीच माणूस. माझ्या पेटाऱ्यात सगळं होतं, चेनची जोडकडी तेवढी नव्हती. ती साडूच्या खिशात. बसवली बायकोने. बांगड्या मला धरायला दिल्या.

१६ फेब्रुवारी, घरी परत
साडूला पेटी मिळाली नाही. म्हणजे सूड पूर्ण.
बायकोला मिळाली. सासरे म्हणाले, दहा वर्षांची असल्यापासून हिला चेनचा आवाज कळतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.
येताना गाडी तिनेच चालवली. चेन दोन बोटं लूज. माझा पेटारा साडूच्या गाडीवर. तिने हुकूम सोडला, जड सामान मध्ये हवं, आणि सासऱ्यांची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. ऐंशीला गाडी जरासुद्धा हलली नाही.
साडूने बाजूला येऊन हात केला. मी करू शकलो नाही. दोन्ही हातांनी पेटी धरली होती.