तळव्याखालच्या तारा

माजिवडा, ठाणे

व्हॅलेंटाईन,

‘गिटार मला कोणी शिकवली नाही,’ असं मुलाखतीत बिनधास्त सांगितलंस. वा रे वा! चर्चच्या कॉयरमध्ये तुझ्या शेजारी कोण बसायचं? आवाज वाढला की फादर ओरडायचे, म्हणून तारांवर हाताचा तळवा दाबून वाजवायला मीच शिकवलं ना तुला? तेच दबकं, धडधडणारं वाजवणं आज हेवी मेटलमध्ये ‘तुझी स्टाईल’ झालंय.

मम्मीच्या मयताला तू आला नाहीस, टूर होती. चर्चमधल्या मिस्साला, तिच्यासाठीच्या प्रार्थनेला, मी एकटीच गिटार वाजवत होते. तळवा ठेवलाच नाही. तारा चर्चभर घुमल्या. फादर पहिल्यांदाच ओरडले नाहीत.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर याचंही गाणं करशील, आणि कोणी लिहिलं ते सांगणार नाहीस.

तुझी बहीण, असलीच तर,
जोविटा