ग्रिफ भाऊजींची दोन रुळांची चक्की

पीटरबरो,
रविवार

तीर्थरूप ग्रिफ भाऊजी यांस,

नेव्हिलचा नमस्कार. (वाकून नाही. कंबर धरली आहे, कशाने ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? माउंट गॅम्बिअरला अजून गारठा असेल, शेक देत जा. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. मर्ल रोज तुमची आठवण काढते. कोणत्या शब्दांत, ते बायकोचे शब्द असल्यामुळे लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या लेकीच्या, ग्लेनिसच्या, लग्नाला बिअर घरचीच, असं मी क्लबात सगळ्यांदेखत बोलून बसलो, ही चूक माझी. पण त्यापुढची प्रत्येक चूक तुमची आहे. दुकानातून भरडून आणलेल्या सातूच्या माल्टवर मी इतकी वर्षं सुखात बिअर करत होतो. तुम्ही फोनवर म्हणालात, "शी! भरडून ठेवलेलं माल्ट? वास उडालेला असतो, नेव्हिल. स्वतःची चक्की घे." मी तीन रुळांची घेत होतो. दुकानदारही तीनच म्हणत होता. तुम्ही म्हणालात, तिसरा रूळ म्हणजे नुसता डामडौल. दुकानदार पडला परका आणि तुम्ही पडलात बहिणीचे यजमान, म्हणून दोनची घेतली.

चक्की आली. वर पत्र्याचं नसराळं, खाली खडबडीत लोखंडी रूळ, बाजूला हँडल. रुळांमधली फट किती ठेवायची, यावरच सगळं असतं म्हणे. तुमचा सल्ला: "बँकेचं कार्ड जेमतेम सरकेल एवढी." मी मर्लचं कार्ड सरकवलं आणि अंदाज यावा म्हणून हँडल जरासं फिरवलं. कार्ड खाली पडलं तेव्हा त्यावरचं मर्लचं नावही भरडलं गेलं होतं. (हँडल फिरवू नकोस, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. तुम्ही जन्मभर अर्धंच सांगत आलात.)

मग फट नजरेनेच ठेवली. निम्मे दाणे जसेच्या तसे खाली आले, जणू फेरफटका मारून आले. ते गरम पाण्यात भिजवून जे निघालं ते बघून मर्ल म्हणाली, "ह्यात बटाटे उकडून घेऊ का?" फट आवळली, तर पीठच पडलं. त्याची पातेल्यात अशी खळ झाली की तळाची तोटी गच्च. तार घातली, फुंकून पाहिलं, शेवटी लाथ मारली. कंबरेचं ते तेव्हाचंच.

इथे शहाण्या माणसाने थांबायचं. मी पुन्हा तुम्हालाच फोन केला! "हाताने फिरवतोयस? अरे वेड्या, ड्रिल लाव!" लावलं. परवा सकाळी अंगणातल्या टेबलावर चक्की ठेवली, बादलीभर माल्ट ओतलं, ड्रिलचं बटण पुरतं दाबलं. भाऊजी, चक्की टेबलाला आवळून बसवायची असते आणि ड्रिल हळू चालवायचं असतं, ही दोन्ही रहस्यं तुम्ही पोटात का ठेवलीत? चक्की टेबलावर गरागरा फिरली, नसराळं उडालं, माल्ट अंगणभर. झाडू आणायला आत गेलो तेवढ्यात गावातले यच्चयावत गुलाबी काकाकुवे उतरले. माल्ट फस्त करून त्यांनी मांडवाच्या दोऱ्या कुरतडायला घेतल्या. (लग्न पुढच्या महिन्यात, पण मर्लला मांडव आधीच उभा करून बघायचा होता.) ग्लेनिसचे होणारे सासरे, मिस्टर पास्को, नेमके तोच बघायला आले होते. मांडव त्यांच्यावर बसला. कापडाखालून ते रांगत बाहेर आले आणि म्हणाले, "नेव्हिल, मी अवेळी आलो का?"

आणि हे सगळं गोळा करत असताना टपाल आलं. तुमचं कार्ड. "लग्नाला येणं जमणार नाही. मुलांना शुभेच्छा." एवढंच! चक्की घ्यायला लावायची, नाव भरडायचं, व्याह्यांना मांडवाखाली घालायचं, आणि ऐन वेळी शुभेच्छा? त्या शुभेच्छांचं काय करू? नसराळ्यात घालू? तुमची चक्की मी उद्याच भंगारात देणार आहे. यापुढे मला सल्ला देऊ नये.

आपला संतापलेला मेहुणा,
नेव्हिल

ता. क. मंगळवार. चक्की दिली नाही. लाकडाच्या ओंडक्यावर स्क्रूने आवळून बसवली, फट थोडी सैल केली, ड्रिल गोगलगायीसारखं चालवलं. टरफल अख्खं, आतला दाणा फुटलेला, तोटी मोकळी. पिंप आता शेडमध्ये बुडबुडतंय आणि वास असा सुटलाय की मर्ल उगाच तिकडून चकरा मारतेय. दोन रूळ पुरतात. हे कुणाला सांगू नका.

ता. क. दुसरा. ग्लेनिस विचारते, "आतोबा खरंच येणार नाहीत?" तिला काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

ता. क. तिसरा. एनिडताईला जाऊन अजून वर्षही झालं नाही, आणि तिच्याशिवाय लग्नासाठी त्या चर्चमध्ये पाय टाकणं तुम्हाला जमणार नाही, हे तुम्ही कार्डावर लिहिलं नाहीत तरी मला वाचता येतं. ती माझी बहीण होती, भाऊजी. मलाही जमणार नाही. पण मी मुलीचा बाप, मला जावंच लागणार. दोघं बरोबर गेलो तर दारातून आत तरी जाऊ. बसथांब्यावर मी येतो. बऱ्याच शिव्या तोंडावर द्यायच्या राहिल्यात.